गोल्फच्या सराव-रेंजवर वीस बॉलनंतर डोकं भलतीकडेच जातं, तुम्ही काय करता?

शनिवारचा_सात_आयर्न
मंडळी, आधीच सांगतो, मी नवखा आहे. गोल्फ सुरू करून आठेक महिने झाले, वय ४१, आयटीत नोकरी, राहायला पुण्यात. शनिवार-रविवार सकाळी साडेसहाला रेंजवर पोचतो आणि शंभर बॉलची बकेट घेतो. पहिले पंधरा-वीस बॉल एकदम झकास, सात आयर्न (मध्यम अंतराचा क्लब) सरळ अंतराच्या १२५च्या पाटीकडे, मनात म्हणतो जमलं राव आपल्याला. आणि मग काय होतं काही कळत नाही. शेजारच्या मॅटवरचे काका फोनवर फ्लॅटचा सौदा करत असतात, तोही स्पीकरवर, मला आता वाकडच्या टू-बीएचकेचे भाव पाठ झालेत. पलीकडे कॉलेजची पोरं एकमेकांच्या स्विंगचे स्लो-मोशन व्हिडिओ काढत खिदळतात. माझा फोन खिशात थरथरतो, ऑफिसचा ग्रुप, शनिवारीसुद्धा. आणि कहर म्हणजे ती टिटवी. क्लब वर गेला, अगदी टोकाला पोचला की ही बया बरोब्बर तेव्हाच किंचाळते. मग एक टॉप (बॉलच्या डोक्यावर लागून घरंगळतो), एक शँक (क्लबच्या दांडीजवळ लागून आडवा उडतो), मग चिडून अजून जोरात, मग अजून घाण, आणि उरलेले साठ-सत्तर बॉल नुसते संपवायचे म्हणून मारतो कारण पैसे भरलेत. घरी येतो तेव्हा पाठ दुखत असते आणि शिकलो काय तर घंटा.

कोचला विचारलं तर म्हणे "सर फोकस करा". अहो करायचा म्हणजे नक्की काय करायचं? हेडफोन घालू का? कोणी स्वतः केलेलं काही असेल तर सांगा, पुस्तकी नको.

फोरबॉल_काका
साहेब, घोळ शंभर बॉलमध्ये आहे, टिटवी बिचारी फुकट बदनाम होतेय. शंभर बॉल मारायला तुम्हाला किती वेळ लागतो? माझा अंदाज पाऊण तास. म्हणजे २७ सेकंदाला एक बॉल. ही काय प्रॅक्टिस झाली, हे तर भात कांडणं झालं. मी २२ वर्षं खेळतोय, हल्ली ५०च्या वर घेत नाही आणि तेवढ्याला मला सव्वा तास लागतो.

एक सोपी गोष्ट करून बघा. बकेट पायाशी ठेवू नका, मागे चार पावलांवर बाकावर ठेवा. प्रत्येक बॉलसाठी मागे जायचं, एकच उचलायचा, तिथेच उभं राहून कुठे मारायचाय ते बघायचं आणि मग मॅटवर यायचं. पहिल्या दिवशी कंटाळा येईल, लोक बघतील, बघू देत. पायाशी बॉलचा ढीग असला की हात आपोआप पुढचा ओढतो, वाईट शॉटचा राग तसाच पुढच्या बॉलवर निघतो. चार पावलं चालण्यात तो उतरतो.

दुसरं म्हणजे सात आयर्नला जरा सुट्टी द्या. शेवटचे २० बॉल मी रेंजवरच मॅच खेळतो. मनातल्या मनात पहिला होल, पार ४, म्हणजे चार फटक्यांत संपवायचा. ते दोन कडुनिंब आणि उजवीकडचा लाइटचा खांब, त्यांच्यामधला तो फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा पट्टा. ड्रायव्हर, लांब मारायचा क्लब, मारला, खांबाच्या उजवीकडे गेला, तर पुढचा शॉट मुकाट झाडीतून काढायचा, चार आयर्न, खाली ठेवून. मग वेज, जवळून उंच मारायचा क्लब. दर वेळी क्लब वेगळा, निशाण वेगळं. कोर्सवर तरी कुठे एकच शॉट लागोपाठ दोनदा मिळतो?

हेडफोन अजिबात नको. चौघं मागे उभे असताना पहिल्या टीवर, जिथून खेळ सुरू होतो तिथे, हेडफोन घालणार का? टायगर वुड्स लहान असताना त्याचे वडील मुद्दाम, ऐन स्विंगच्या वेळी, खिशातली नाणी वाजवायचे, बॅग पाडायचे. पोराला आवाजाची सवय लागावी म्हणून. तुम्हाला वाकडवाले काका फुकटात मिळालेत, वर कुरकुर कसली करता!

फोन मात्र गाडीत ठेवा. त्यावर चर्चा नाही.

स्लाइसकुमार
आता कोणीतरी येऊन अर्जुन, झाड, पोपटाचा डोळा सुरू करायच्या आत मी सांगून टाकतो. अर्जुनाला ऑफिसचा ग्रुप नव्हता.

बाकी सात आयर्न भाऊ, एक निरीक्षण नोंदवतो. रेंजवर बॉल गोळा करणारा तो जाळीवाला ट्रॅक्टर आला की काय होतं बघितलंय का? सगळी रेंज एकदम गप. काकांचा सौदा थांबतो, पोरांचे व्हिडिओ थांबतात, जो तो ट्रॅक्टरवर नेम धरतो. मी आयुष्यात जितके सरळ शॉट मारले ते सगळे त्या ट्रॅक्टरला. ठण्ण करून वाजला की काय समाधान मिळतं महाराजा. ट्रॅक्टर गेला की परत स्लाइस, म्हणजे बॉल उजवीकडे वळणं, चालू. त्यामुळे माझं फोकसचं काही बिघडलेलं नाही, रेंजवाल्यांनी ट्रॅक्टर दिवसभर फिरवावा एवढंच म्हणणं आहे.

(आतला माणूस जाळीत सेफ असतो, उगाच कोणी माझ्यावर घसरू नका.)

एडिनबराची_मावशी
स्लाइसकुमार, हसून हसून पुरेवाट, पण तुमचा ट्रॅक्टर अगदी खरा आहे हो!

मी मूळची नाशिकची, सध्या स्कॉटलंडमधल्या एडिनबरात. इथे ब्रंट्सफील्ड लिंक्स म्हणून गावातच मोकळं मैदान आहे, त्यावर छोटे छोटे होल आहेत, एक वेज आणि पुटर घेऊन जायचं, पैसे पडत नाहीत. पण मैदान सगळ्यांचं. ऊन पडलं की लोक चादरी टाकून पसरलेले, पोरं फुटबॉल खेळतायत, कोणाचा तरी कुत्रा येऊन बॉल हुंगून जातो, आणि कोणी मधून चालत असेल तर आपण थांबायचं. सेंट अँड्र्यूजला गेले होते तर तिथेही तेच, जगातला एवढा नावाजलेला ओल्ड कोर्स आणि १ आणि १८ नंबरच्या फेअरवेतून चक्क गावचा रस्ता आरपार जातो. रविवारी तर खेळच बंद, लोक कुत्री फिरवतात. हे बघितल्यावर "शांतता पाहिजे" हे खूळ माझ्या डोक्यातून कायमचं गेलं.

मला उपयोग झाला तो नजरेचा. पुट करताना, म्हणजे होलाजवळून हलकेच बॉल ढकलताना, मी बॉलच्या मागच्या बाजूचा एक ठिपका पकडते, मार्करने काढूनच ठेवलाय, आणि मारायच्या आधी दोनेक सेकंद नजर तिथे गाडायची. बॉल गेला तरी क्षणभर नजर त्याच गवतावर, मान वर करायची नाही, होलात पडल्याचा आवाज कानाने ऐकायचा. कॅनडातल्या जोन विकर्स बाईंनी यावर बरंच संशोधन केलंय, "क्वाएट आय" म्हणतात त्याला. मी नुसतं ऐकून करायला घेतलं आणि तीन-चार फुटांचे पुट खरंच पडायला लागले. लांबचे अजून देवाच्या हातात.

आणि पुटिंगला एकच बॉल घ्या. तीन घेतले की पहिल्या दोनांची किंमतच राहत नाही.

हिशेबी_पुणेकर
मला एक वेगळंच वाटतं. तुम्ही तास-दीड तास सलग लक्ष ठेवायला जाताय, तेच चुकतंय. ते कोणालाच जमत नाही. गणित करा. गोल्फच्या नियमांत एका शॉटला ४० सेकंदांपेक्षा जास्त घेऊ नये अशी शिफारस आहे. तुम्ही ९० शॉट खेळलात तर ९० गुणिले ४०, म्हणजे बरोबर एक तास. अठरा होलचा राउंड चालतो चार-साडेचार तास. मग उरलेल्या तीन-साडेतीन तासांत काय करता? चालायचं, पाणी प्यायचं, कॅडीशी क्रिकेटवर बोलायचं. म्हणजे खरं कौशल्य लक्ष लावून बसण्यात नाही, ते चालू-बंद करण्यात आहे. मी ग्लव्हचा पट्टा घट्ट लावला की चालू, शॉट झाला की पट्टा सोडायचा, बंद. त्या मधल्या वेळात वाकडचे भाव खुशाल ऐका, कदाचित घ्यालही एखादा फ्लॅट.

टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या गोल्फपटू अदिती अशोकचं आठवतंय ना, २०२१ मध्ये, सगळा देश पहाटे उठून गोल्फ बघत होता, बोगी म्हणजे काय ते गुगल करत. शेवटच्या दिवशी ऐन मोक्याला हवामानामुळे खेळ थांबला, सगळे आत जाऊन बसले आणि मग परत येऊन उरलेले होल खेळायचे. चौथी आली, एका शॉटने पदक हुकलं. पण ते मधलं बसणं विचार करून बघा. तिथे कोणी तासभर दात-ओठ खाऊन फोकस करत बसलं असतं तर परत आल्यावर पहिलाच बॉल पाण्यात.

शनिवारचा_सात_आयर्न
उशिरा लिहितोय, दोन आठवडे करून बघितलं. फोन गाडीत, बकेट बाकावर, ५० बॉल. पहिल्या शनिवारी फार अवघड गेलं, तिसाव्या बॉलला मी काकांना विचारूनच टाकलं की शेवटी फ्लॅट केवढ्याला गेला. गेला नाही म्हणाले, पार्टी फिरली. आता चांगली ओळख झालीये, दुर्दैवाने माझ्या ग्रिपबद्दल सल्लेही देतात. फोरबॉल काका, नाण्यांचा प्रयोग मी लेकीला नेऊन केला, तिने ऐन स्विंगमध्ये कुरकुऱ्यांचं पाकीट फोडलं, बॉल शेजारच्या मॅटवर. म्हणजे अजून वेळ आहे. पट्ट्याचं जमतंय, नजरेचं अर्धं जमतंय.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. काल बॉल गोळा करणारा पोरगा म्हणाला, या, ती तुमची टिटवी दाखवतो. ५०च्या पाटीच्या डावीकडे, उघड्यावर, घरटं असं नाहीच, नुसती जमिनीत खळगी आणि त्यात चार अंडी, मातकट, काळे ठिपके, मी दोनदा बघूनही मला खडेच वाटले. त्याने भोवती चार काठ्या रोवल्यात आणि ट्रॅक्टर तिथून वळवून नेतो. म्हणजे ती माझ्या बॅकस्विंगवर ओरडत नव्हती, तिच्या अंगावर बॉल येत होते म्हणून ओरडत होती. त्यातले बरेच माझे चुकलेले शॉट असणार.

परत येऊन वेज काढला आणि हात चक्क थरथरले. ७५ची पाटी, पण काहीही झालं तरी डावीकडे नाही. बारा बॉल मारले. एकही डावीकडे गेला नाही. काका त्या वेळात नवीन पार्टीशी बोलत होते म्हणे, मला नंतर सांगितलं, मी एक शब्द ऐकला नव्हता.

स्लाइसकुमार
अंडी किती दिवसांत फुटतात? तोपर्यंत मीही त्याच रेंजवर येतो. काठ्या जरा उंच रोवायला सांगा, माझा बॉल उजवीकडे जातो पण खात्री नको.