जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे फ्युएल इंजेक्शनचे भाग: कोणते, कशाचे आणि किती मोलाचे?

मडगाव_गॅरेज

नमस्कार मंडळी. मडगावातल्या एका बंद गॅरेजचा माल विकायला निघालाय. मालक सगळ्याचा मिळून एकच आकडा सांगतो, सुटं काही देत नाही. आकडा मान्य करण्याआधी कोणता भाग कशाचा आणि त्यात जीव किती, हे कळायला हवं.

१) बॉशचा पंप. सहा आउटलेट, तीन-तीनच्या दोन ओळींत, पुढे दातेरी पुली. टॅगवरचा नंबर ० ४०८ ने सुरू होतो, शेवटचे आकडे गंजाने पुसट. पुली हाताने थोडी फिरते आणि अडते.
२) बॉशचाच दुसरा पंप. चार आउटलेट एका ओळीत, मागच्या टोकाला गोल चपटा डबा आणि त्याला नळीचं तोंड.
३) मुठीएवढे दोन धातूचे डबे. चार पिनांचं सॉकेट, व्हॅक्यूमची नळी लावायचं तोंड, नंबर ० २८० १०० ने सुरू.
४) ल्यूकसचं मीटरिंग युनिट, सहा युनियन, वर व्हॅक्यूमचा डबा. सोबत वायपर मोटरसारखा दिसणारा इलेक्ट्रिक पंप.
५) सहा सुटे स्टीलचे नोझल.

काय तपासायचं आणि भाव कसा लावायचा?

फोंडा_पंपनोझल

आधी दुसरा नंबर बाजूला काढा. गोव्यात १९६१ पूर्वी आलेल्या मर्सिडीजमध्ये १८० डी, १९० डी पुष्कळ होत्या. चार आउटलेट एका ओळीत आणि मागे डायाफ्रामचा डबा, म्हणजे बहुधा डिझेलचा पंप. तो डबा न्यूमॅटिक गव्हर्नर, त्याची नळी मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याच्या) व्हेंचुरीला, म्हणजे त्याच्या अरुंद गळ्याला जाते. गिऱ्हाईक त्यालाही आहे, पण स्पोर्ट्स गाडीच्या भावात तो धरू नका. पेट्रोलवर चालणाऱ्या २३० एसएल, २८० एसएलचा पंपही एका ओळीतलाच असतो, मात्र त्याला सहा आउटलेट असतात आणि टॅगवरच्या कोडमध्ये ‘६ केएल’ येतं.

पहिला नंबर हा खरा माल. तीन-तीनच्या दोन ओळी आणि दातेरी पट्ट्याची पुली, म्हणजे पोर्शे ९११ चा मेकॅनिकल इंजेक्शन पंप. १९६९ च्या मॉडेलपासून ई आणि एस या गाड्यांना तो होता, पुढे १९७३ च्या २.७ कॅरेरा आरएसलाही. अमेरिकेत गेलेल्या २.४ टी गाड्यांनाही १९७२-७३ मध्ये हाच प्रकार बसवला होता. बाहेरून सगळे सारखे दिसतात, फरक आतल्या स्पेस कॅमचा. आरपीएम आणि थ्रॉटल किती, त्यावर पेट्रोल किती द्यायचं हे तो त्रिमितीय कॅम ठरवतो. टी चा पंप एस च्या इंजिनाला लावला तर मिश्रणाचं गणितच चुकतं. म्हणून पुसट झालेले शेवटचे आकडे हीच अर्धी किंमत समजा. टॅगला सँडपेपर किंवा वायर ब्रश अजिबात लावू नका. रॉकेलने पुसा, अंधारात बाजूने तिरका टॉर्च मारा आणि मोबाइलवर वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढा. ठोकलेला आकडा गंजाखालूनही सावलीत उमटतो. टॅगचे रिव्हेटही बघा. ते नवे दिसले तर टॅग दुसऱ्या पंपाचा असू शकतो. आरएसच्या नावाखाली असे प्रकार होतात.

आता अडकण्याबद्दल. पुलीला पाना लावायचा नाही. प्लंजर (पेट्रोल ढकलणारा दट्ट्या) आणि बॅरल (त्याची नळी) यांमधली फट काही मायक्रॉनची असते, जुनं पेट्रोल तिथे वाळून लाखेसारखं चिकटतं. प्लंजर खाली चिकटला तर कॅमला तो वर ढकलता येत नाही आणि शाफ्ट अडतो. जोर लावलात की काहीतरी तुटणारच. उलट प्लंजर वर चिकटला तर स्प्रिंग त्याला खाली आणू शकत नाही, पुली मजेत फिरते आणि त्या आउटलेटमधून थेंबही येत नाही. म्हणजे फिरणारा पंप चांगला, हा समजही सोडून द्या.

खालच्या भागातलं तेल आधी काढून बघा. दुधट असेल तर पाणी शिरलंय. इनलेटमधून अर्धं डिझेल, अर्धं पातळ तेल भरा आणि चार-पाच दिवस राहू द्या. मग हॉट एअर गनने हात जेमतेम ठेवता येईल इतपत गरम करून पुली हातानेच मागे-पुढे हलवा. मोकळी झाली की एक पूर्ण फेरा मारा, सहाही तोंडांतून पाळीपाळीने उसळी यायला हवी. आउटलेटच्या तोंडाशी असलेल्या डिलिव्हरी व्हॉल्व्हचे होल्डर खोलायचा मोह टाळा, ते काम कॅलिब्रेशन बेंचवरचं, म्हणजे पंप मोजून जुळवायच्या यंत्रावरचं.

पंपाला थर्मोस्टॅटचं घर, शटऑफ सोलेनॉइड आणि उंचीनुसार मिश्रण बदलणारी बॅरोमेट्रिक कॅप्सूल आहे का तेही बघा. थर्मोस्टॅटमधल्या बायमेटलच्या चकत्या आपल्या खाऱ्या हवेत हमखास गंजून एकमेकींना धरतात. तसं झालं की इंजिन गरम झाल्यावरही मिश्रण श्रीमंतच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं राहतं.

पाचव्यातले नोझल याच पंपाचे असतील तर साधारण १५ ते १८ बारला उघडतात. ट्रॉलर आणि मायनिंगच्या ट्रकांची कामं करणाऱ्या कुठल्याही पंप-नोझलवाल्याकडे हँड टेस्टर असतो. पण त्याचा गेज ४०० बारचा, त्यावर १५ बार दिसणारच नाही. २५ किंवा ४० बारचा गेज बसवून घ्या. टेस्टरमध्ये पेट्रोल घालू नका, कॅलिब्रेशन ऑइलच वापरा. पेट्रोलची वाफ कुठल्याही ठिणगीला पेटते. सहाही नोझल जवळजवळ एकाच दाबाला उघडले, फवारा सुळकीसारखा सरळ न येता पसरून आला आणि टोकाला थेंब लोंबकळला नाही, तर सेट चांगला.

पर्वरी_जेट्रॉनिक

तिसऱ्यातले डबे डी-जेट्रॉनिकचे, म्हणजे बॉशच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शनचे मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सर. पोर्शे ९१४, व्होल्वो १८०० ई यांच्या काळातले. शेवटचे तीन आकडे वेगळे तर इंजिन वेगळं, एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

तपासणी दहा मिनिटांची. चार पिनांत दोन कॉइल आहेत, मल्टिमीटरवर एक साधारण ९० ओहम, दुसरी ३५० च्या आसपास. कुठलीही पिन आणि बॉडी यांच्यात मात्र मीटरवर जोड अजिबात दिसता कामा नये. मग हातपंपाने १५ इंच पाऱ्याएवढा व्हॅक्यूम ओढा आणि पाच मिनिटं थांबा. काटा घसरला की आतला डायाफ्राम चिरलाय. अशा सेन्सरवर इंजिन पेट्रोल पितं आणि काळा धूर सोडतं. टोकावरचा सीलचा बूच शाबूत आहे का ते बघा. तो उपटलेला असेल तर कोणीतरी आतला स्क्रू फिरवलाय, फॅक्टरीचं सेटिंग गेलं आणि भावही पडला.

या सिस्टिमचे इंजेक्टर कुठे सापडले तर त्यांना थेट १२ व्होल्ट देऊ नका. कॉइल जेमतेम अडीच ओहमची असते, लगेच तापून जळते. सहा-सात ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावूनच टकटक ऐका.

मडगाव_गॅरेज

फोंडेकरबाब, पर्वरीकरबाब, देव बरें करूं. तिरक्या उजेडात आकडे वाचता आले, पार्ट लिस्टशी ताडून बघतो. एका सेन्सरने व्हॅक्यूम धरला, दुसऱ्याचा काटा लगेच खाली आला. ल्यूकसचं काय करू?

कुडचडे_टीआर

ते ट्रायम्फचं: टीआर५, टीआर६ पीआय किंवा २.५ पीआय सलून. टीआर५ फक्त २,९४७ बनल्या म्हणून विकणारे सरसकट तेच नाव सांगतात, पण युनिटवरच्या नंबराशिवाय मान्य करू नका.

ही सिस्टिम साधारण १०५ पीएसआयवर चालते आणि मीटरिंग युनिटला वंगण पेट्रोलचंच. आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबरी ओ-रिंग फुगतात, शिवाय इथेनॉल हवेतली ओल धरतं. पावसाळ्यात चार महिने उभ्या गाडीत रोटरवर चट्टे पडायला तेवढं पुरतं. खालचा ड्राइव्ह बोटांनी फिरवा. मऊ फिरला तर ओ-रिंगचा किट घालून काम भागतं. खरखरला तर रोटर आणि स्लीव्ह ओरबाडलेत, आणि ती जोडी एकमेकांशी जुळवलेली असते, एकच बदलून चालत नाही. इलेक्ट्रिक पंपाला मोटर आणि पंप यांच्यामध्ये एक बारीक भोक असतं. तिथे पेट्रोलचा डाग असेल तर सील गेलंय.

भावाचं म्हणाल तर मागितलेल्या किमती बघूच नका, विकून झालेल्यांच्याच बघा. तेही ‘रिबिल्ट’ (पूर्ण दुरुस्त केलेले) आणि ‘कोअर’ (दुरुस्तीसाठी घ्यायचे जुने) वेगळे काढून. रिबिल्ट पंप १०० ला जात असेल आणि रिबिल्डला ६० लागत असतील, तर न तपासलेला कोअर माझ्या हिशेबाने २५ च्या वर घेऊ नये. उरलेले १५ आतून काय निघेल त्या जोखमीचे. थ्रॉटल बॉडी, स्टॅक (तिच्यावरचे हवा घेणारे कर्णे) आणि पंप एकाच इंजिनाचे मिळाले तर सेट म्हणूनच विका, सुट्यांच्या बेरजेपेक्षा जास्त येतात. तुमच्या मालात थ्रॉटल बॉडी दिसत नाहीत. त्या गॅरेजचा माळा आणि फळ्यांच्या मागची जागा आधी बघून घ्या, मगच आकडा बोला. आणि तो आकडा ९११ चा पंप, त्याचे नोझल आणि चांगला सेन्सर एवढ्यांवरच बेतायचा. ल्यूकस खरखरत असेल तर त्याचा फारसा धरू नका, चिरलेला सेन्सर कोअर म्हणून, डिझेल पंप जवळपास फुकट.

बाहेरगावी पाठवायची वेळ आली तर पेट्रोल पूर्ण काढून पातळ तेलाने धुवा. पेट्रोलचा वास आला तर हवाई कुरिअर धोकादायक माल म्हणून परत पाठवतं. तोंडांना प्लास्टिकची टोपणंच लावा. चिंधी कोंबली तर तिचे धागे डिलिव्हरी व्हॉल्व्हमध्ये जातात. गंजरोधक कागद आणि सिलिका जेल घालून पिशवी सील करा, जून-जुलैत तर नक्कीच.