बी विंगच्या लिफ्टपाशी ग्रॅनाइट पडलं, त्यावर ग्रुपवर झालेली चर्चा

रविवार

सेक्रेटरी : नमस्कार मंडळी. काल रात्री पावणेअकराच्या सुमारास बी विंगच्या तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशेजारचं वरचं ग्रॅनाइट सुटून खाली पडलं. कुणाला लागलं नाही. वॉचमन मामांनी दोरी बांधलीय, मुलांना तिकडं सोडू नका. कंत्राटदाराला फोन केला तर म्हणाला दुसरा तुकडा आणून गमानं (फरशी-दगड चिकटवायचा तयार मसाला) चिकटवून देतो, अर्ध्या दिवसाचं काम. होय म्हणून सांगू का?

बी-३०४ वहिनी : बापरे, आमचा लेक रोज संध्याकाळी तिथंच सायकल लावतो ओ

बी-४०२ : सांगून टाका साहेब. लिफ्ट बंद ठेवून चालणार नाही, आईला जिना चढता येत नाही, शुक्रवारी मिरजेला दाखवायला न्यायचंय

बी-२०१ अण्णा : सेक्रेटरी साहेब जरा थांबा, होय म्हणू नका, मी आत्ताच खाली जाऊन बघून आलोय आणि फोटो पण टाकलेत. पडलेल्या तुकड्याची मागची बाजू बघा, नुसते पाच पांढरट गोल डाग आहेत, चार कोपऱ्याला चार आणि मधे एक, बाकी दगड कोरा करकरीत. आणि मालाचे गोळे कुठं आहेत तर भिंतीवर. म्हणजे सिमेंटनं भिंत धरली पण दगड धरलाच नाही, इतकी वर्षं तो खालच्या दगडावर टेकून उभा होता. १८ मिलीचं ग्रॅनाइट फुटाला साडेचार किलोच्या आसपास भरतंय, दोन बाय चारचा तुकडा म्हणजे ३६ किलो आणि तो डोक्याच्या वर. ज्या पद्धतीनं पडलं त्याच पद्धतीनं परत लावणार असतील तर अर्ध्या दिवसात होईल पण ते काम नव्हे

बी-३०४ वहिनी : ३६ किलो 😟

ए-२०३ तात्या : अण्णा, तुमचं खरं असेल पण गावभागातल्या आमच्या जुन्या घरात शहाबादी आहे, वडिलांनी चुन्या-सिमेंटच्या मालात बसवलेली, २००५ चा पूर बघितला २०१९ चा बघितला, घरात चिखल कमरेएवढा, एक फरशी हलली नाही. तेव्हा कुठला गम होता? सिमेंटला नावं ठेवायचं हे दुकानदारांनी काढलंय असं मला वाटतंय

बी-२०१ अण्णा : तात्या, शहाबादीचं तुम्ही सांगताय ते बरोबरच आहे आणि त्यातच उत्तर आहे बघा. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, पाठ खडबडीत, पाणी थोडं पिणारा, खाली दोन इंच माल, आणि जमिनीवर पडलेली. सिमेंटचं पाणी दगडाच्या बारीक भोकात शिरतंय, तिथंच घट्ट होतंय, त्याची मुळं दगडात जातात म्हणा ना. जुन्या सिरॅमिक वॉल टाइलचं पण तसंच, ती वजनाच्या १० टक्क्याच्या वर पाणी पिते म्हणून गवंडी ती आधी हौदात भिजवायचे, नाहीतर मालातलं पाणीच ओढून घेईल. आता व्हिट्रिफाइड घ्या, ती अर्धा टक्का पण पाणी पीत नाही, काचेसारखी भाजलेली. ग्रॅनाइट पण जवळपास तसंच, आणि मशीननं कापलेली पाठ गुळगुळीत. सिमेंटनं मुळं घालायची कुठं? म्हणून गमात पॉलिमर असतंय, ते गुळगुळीत पाठीला सुद्धा धरतंय आणि उन्हाळ्यात दगड फुगला-आकसला तरी थोडं त्याच्याबरोबर हलतंय. सिमेंट वाईट नाही तात्या, आपण दगड-फरशी बदलली पण बसवायची पद्धत बदलली नाही एवढंच

ए-२०३ तात्या : हे पटलं. आमच्या नव्या हॉलमधली व्हिट्रिफाइड तीन ठिकाणी पोकळ वाजतीय ती याच्यामुळंच म्हणायची

बी-२०१ अण्णा : तशीच असणार. आणि गवंड्यानं फरशीला फरशी भिडवून बसवली असेल, फट न ठेवता. एप्रिल-मे मधे सगळी फरशी जरा वाढती, तिला जायला जागा नाही, मग मधेच तंबूसारखी उठती आणि फाटकन आवाज येतोय. फट ठेवायला दोन मिलीचा स्पेसर तरी पाहिजेच आणि भिंतीच्या कडेला स्कर्टिंगखाली थोडी मोकळी जागा, तिथं माल ठासायचा नाही

सी-१०२ : आमच्याकडं मे मधे असंच झालं, रात्री दीडला. आम्हाला वाटलं सिलेंडर गेला

सेक्रेटरी : अण्णा, मग कंत्राटदाराला लिहून काय द्यायचं ते सांगा, तो म्हणतोय कुठलाही चांगल्या कंपनीचा गम वापरतो

बी-२०१ अण्णा : कंपनीचं नाव दुय्यम आहे साहेब, गोणीवर आय.एस. १५४७७, म्हणजे गमाचं भारतीय स्टँडर्ड, आणि त्याखाली टाइप किती ते बघायचं. २०१९ ला ते स्टँडर्ड सुधारलं त्यात टाइप १ ते ५ आहेत. ढोबळ सांगायचं तर १ म्हणजे घरातली साधी सिरॅमिक, २ मोठी व्हिट्रिफाइड, ३ दगड आणि बाहेरची भिंत, ४ प्लाय किंवा जुन्या फरशीवर फरशी असल्या अवघड जागा, ५ काच-धातू. सोबत टी लिहिलेलं असेल तर उभ्या भिंतीवर दगड खाली घसरत नाही. आपल्याला किमान टाइप ३ टी पाहिजे. आणि डोक्याच्या वरच्या रांगेला नुसत्या गमावर विश्वास नको, प्रत्येक दगडाला स्टेनलेस स्टीलचे दोन क्लॅम्प भिंतीत घेऊन, लोखंडाचे नको, ते गंजून फुगतात आणि दगडाची कड उडवतात.

पण यापेक्षा मोठी गोष्ट भिंतीची आहे. मी नखानं खरवडून बघितलं, प्लास्टरवर निरू, म्हणजे चुन्याचा गुळगुळीत थर, घोटलाय आणि त्यावर ऑइल पेंटचा हात आहे. गम कितीही भारी आणा, तो पेंटला चिकटणार आणि पेंट निरूला, सुटलं की सगळं एकदम येणार. ते सगळं काढून खालच्या प्लास्टरपर्यंत जायचं, टोचे मारायचे, ब्रशनं धूळ झाडायची, ओल्या फडक्यानं पुसायचं. दगडाची पाठ पण धुवायची, कटिंगची पिठी वाळून बसलेली असती. व्हिट्रिफाइडच्या मागं भट्टीतली पांढरी पावडर असती ती पण तशीच पुसावी लागती, हे कुणी करत नाही

बी-३०४ वहिनी : अण्णा माझं पण एक विचारायचं होतं, आमची बाथरूम नवी करायचीय, फरशीवाला म्हणतोय जुनी काढायची नाही, त्यावरच नवी लावतो, आवाज नाही धूळ नाही. आणि जॉइंटला इपॉक्सी भरलं की खाली गळणार पण नाही म्हणे. खालच्या २०४ वाल्या ताईंच्या छताला डाग आलाय म्हणून तर करायचं चाललंय

बी-२०१ अण्णा : वहिनी, खाली डाग आलाय ना, मग त्याचं ऐकू नका, कृपा करून नका ऐकू. ग्राउट म्हणजे जॉइंटच्या फटीत भरायचा माल, ते वॉटरप्रूफिंग नव्हे, मग ते इपॉक्सी रेझिनचं का असेना. इपॉक्सी स्वतः पाणी पीत नाही हे खरं पण पाणी जातंय नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीखालचं भांडं) कडेनं, पाइप भिंतीत शिरतो तिथनं, जमीन आणि भिंत मिळती त्या कोपऱ्यातनं. फरशीवर फरशी लावली तर गळती तशीच आत राहणार आणि वरनं सव्वा सेंटिमीटर उंची वाढणार, मग दार अडकतंय, ट्रॅप खोल जातोय, उंबऱ्यापाशी पाणी बाहेर येतंय. तुमची सगळी फरशी फोडून खालच्या सिमेंटच्या कोब्यापर्यंत जावा, ट्रॅपची कड नीट भरून घ्या, वॉटरप्रूफिंगचे दोन हात एकमेकांना आडवे मारा, भिंतीवर फूटभर वर न्या आणि शॉवरच्या बाजूला जास्त. मग ट्रॅपला बोळा घालून दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि रोज खाली ताईंकडं जाऊन छत बघा. कोरडं राहिलं तरच फरशी. ज्यांच्याकडं गळती नाही आणि जुनी फरशी कुठंच पोकळ वाजत नाही त्यांनी वरनं लावली तर चालतंय, ग्राइंडरनं चकाकी घालवून आणि टाइल ऑन टाइल लिहिलेला गम घेऊन

बी-२०४ ताई : अण्णा थँक्यू. वहिनी कधीपण या छत बघायला, दार उघडंच असतंय 🙏

बी-३०४ वहिनी : येते ताई. आणि कोपऱ्यात काय भरायचं मग?

बी-२०१ अण्णा : कोपऱ्यात ग्राउट नको, सिलिकॉन. जमीन आणि भिंत वेगवेगळी हलतात, ग्राउट तिथं केसाएवढं चिरतंच. संगमरवर किंवा कुठलाही दगड असेल तर न्यूट्रल सिलिकॉन मागायचं, व्हिनेगरचा वास येतो ते नको, त्यातलं अ‍ॅसिड मार्बल खातंय. त्याच कारणानं मार्बल-कोटा बसवल्यावर सिमेंटचे डाग काढायला अ‍ॅसिड ओतू देऊ नका कुणाला

ए-४०१ काकू : माझ्या किचनचे जॉइंट पिवळे पडलेत आणि घासले की लालसर होतायत, हे काय आहे? दर आठवड्याला ब्रशनं घासते मी

बी-२०१ अण्णा : काकू ती हळद आहे. पांढऱ्या सिमेंटचे जॉइंट पाणी पितात तशी हळद पण पितात. आणि सिमेंट म्हणजे खार, साबण पण खार, हळदीला खार लागला की ती लाल होती, हळदीचं कुंकू होतंय ते असंच. जिथं खिडकीचं ऊन पडतंय तिथला डाग आपोआप फिका झाला असेल बघा. सांगलीच्या किचनला ओट्यामागं इपॉक्सीच पाहिजे. जुनं ग्राउट दोन-तीन मिली नव्हे, फरशीच्या जाडीच्या दोन तृतीयांश तरी खोल खरवडून काढायला लावा, वरवर लेप दिला तर सहा महिन्यात पापुद्रा निघतोय.

इपॉक्सी लावणारा माणूस मात्र हाताचा पाहिजे. रेझिन, हार्डनर आणि पावडर असे तीन भाग येतात, डबा पूर्ण मिसळायचा, अंदाजानं अर्धा नाही, प्रमाण चुकलं तर ते कधीच नीट वाळत नाही. मिसळल्यावर पाऊण तासाच्या आत भरायचं आणि मागोमाग दुसऱ्यानं ओल्या स्पंजनं पुसत यायचं. संध्याकाळी एकदम पुसतो म्हणाला तर फरशीवर धुरकट थर बसतो तो जन्मात निघत नाही. आणि गच्चीवर पांढरं इपॉक्सी नको, उन्हानं पिवळं पडतंय

ए-४०१ काकू : कुंकवाचं कळल्यावर बरोबर लक्षात आलं. मी आपली घासतच होते

सी-३०१ : अण्णा आमच्या देवघराला पांढरा मार्बल घेतलाय आणि कडेला हिरवी पट्टी, काही वेगळं लागतं का

बी-२०१ अण्णा : लागतं. पांढऱ्याला पांढराच गम, करड्या गमाची सावली मार्बलमधनं वर दिसते आणि ती परत जात नाही. मागं जाळी चिकटवलेली असेल तर दुकानदाराला दाखवून इपॉक्सी गम घ्या कारण साधा गम जाळीला धरतो, दगडाला नाही. आणि राजस्थानातला तो हिरवा मार्बल पाण्यात कालवलेल्या गमानं वाकतो, कोपरे वर येतात, त्याला इपॉक्सीच

सेक्रेटरी : मी तीन कोटेशन मागवतो. अण्णा कामाच्या वेळी तुम्ही थांबाल का

बी-२०१ अण्णा : थांबतो. खरं सांगायचं तर मी साइटवर होतो तेव्हा एका इमारतीत मी पण असेच गोळे चालू दिलेत. मालक मागं लागला होता, दिवाळी आधी ताबा द्यायचा होता. चार वर्षांनी तिथल्या जिन्यातल्या टाइल उतरल्या, एका पोराचा पाय थोडक्यात वाचला. ते मला अजून आठवतंय. म्हणून आपल्याकडं मी उभा राहणार, रोजचा चहा तेवढा द्या गवंड्यांना

मंगळवार

सेक्रेटरी : अण्णा, तात्या आणि मी दोन्ही लॉबीतले दगड नाण्यानं वाजवून बघितले. एकूण २२, त्यातले ९ पोकळ, खडूनं फुली मारलीय. त्यातले ५ डोक्याच्या वर आहेत, ते आजच उतरवून ठेवलेत. एका तुकड्याला हात लावला आणि तो हातातच आला.

बुधवार

बी-२०१ अण्णा : आज पहिला दगड लावला. गवंडी चांगला आहे, ऐकून घेतो. गोणीवर लिहिलेलं पाणी आधी बादलीत, मग पावडर, मिक्सरनं फिरवून पाच मिनिटं ठेवली आणि परत फिरवली. भिंतीला दातेरी थापीनं ओढलं आणि दगडाच्या पाठीला पण पातळ हात दिला. मी म्हटलं आता लगेच काढ परत. त्याला राग आला पण काढला. फोटो बघा, खालचा डावा कोपरा कोरा आहे. कारण त्यानं थापी गोल फिरवली होती, मधे हवा अडकली. रेघा एकाच दिशेला सरळ ओढायच्या आणि दगड रेघांना आडवा थोडा सरकवत दाबायचा, मग हवेला बाहेर जायला वाट मिळती. दुसऱ्यांदा केलं तर सगळी पाठ भरलेली. तोच आता म्हणतोय की रोजचा पहिला दगड काढून दाखवतो

ए-२०३ तात्या : आणि दुपारी गम सुकायला लागला तर अण्णांनी खरवडून टाकायला लावला, त्यात पाणी घालू दिलं नाही

बी-२०१ अण्णा : बोटाला चिकटत नाही म्हणजे वर पापुद्रा आला, मग तो दगडाला पण चिकटत नाही. गोणीवर वीस मिनिटं लिहिलेलं असलं तरी या उन्हात पंधरा पण मिळत नाहीत. एका वेळी एका दगडापुरताच पसरायचा. पाणी घालून सैल केला की ताकद गेली त्याची

बी-४०२ : अण्णा काम बघितलं, मन शांत झालं. पण परवा शुक्रवारी सकाळी आईला न्यायचंय, लिफ्ट चालू असेल का

बी-२०१ अण्णा : नाही ओ. वरची रांग उद्या संध्याकाळी लागणार, क्लॅम्प मारून पण २४ तास टेकू ठेवायचा आहे आणि तोपर्यंत त्या दाराखालनं कुणी जायचं नाही. तुम्ही रिक्षा किती वाजता सांगितलीय? मी आणि तात्या आठला वर येतो, प्लास्टिकची हाताची खुर्ची आमच्याकडं आहे, चौघं मिळून आईंना जिन्यानं सावकाश खाली आणू

बी-४०२ : साडेआठची आहे

सी-१०२ : चौथा मी