ज्वारीतील फायटिक आम्ल घरच्या घरी कसे कमी करावे? (मदत हवी आहे)

नमस्कार,

आम्ही नागपूरला राहतो. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीचे हिमोग्लोबिन गेल्या महिन्यात ९.८ आले (या वयाला ते किमान १२ असावे लागते) आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. घरचे जेवण पूर्ण शाकाहारी आहे: दुपारी पोळी, रात्री ज्वारीची भाकर, तुरीचे वरण आणि जवसाची चटणी जवळजवळ रोजच. हे ऐकून नात्यातल्या एकीने सांगितले की धान्यातले फायटिक आम्ल लोह अंगी लागू देत नाही, तेव्हा ज्वारी आणि डाळी बंद करून मुलीला मैद्याच्या पोळ्या द्याव्यात. मैद्यात हे आम्ल कमी असते हे खरे, कारण गव्हात ते मुख्यतः कोंड्यात साठलेले असते. पण त्या कोंड्याबरोबर लोह आणि जस्तही निघून जाते, त्यामुळे हा उपाय मला पटलेला नाही.

तरीही काळजी अगदीच निराधार नाही. रोपाला रुजताना लागणारा फॉस्फरस बी याच रूपात साठवून ठेवते, आणि आपल्या आतड्यात हेच आम्ल लोह, जस्त व कॅल्शियम यांना धरून ठेवून त्यांचे शोषण अडवते. डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इराणमधील खुरटलेल्या तरुणांमध्ये जस्ताची कमतरता असावी असा तर्क मांडला, तेव्हा त्या तरुणांचे मुख्य अन्न न आंबवलेली गव्हाची रोटी हेच होते. आपली भाकरही न आंबवलेलीच असते, हे वाचून मी थोडी चपापले.

हा अडथळा त्या त्या जेवणापुरताच असतो आणि क जीवनसत्त्वाने तो बराच सैल होतो, म्हणून जेवणाबरोबरच संत्रे किंवा लिंबू देणे सुरू केले आहे, आणि पोह्यांसोबतचा तिचा चहा बंद केला आहे. अडचण आहे ती ज्वारीची. हे आम्ल तोडणारे फायटेज नावाचे विकर गव्हात भरपूर, पण ज्वारीत कमी असते. ते किंचित आंबट ओलाव्यात चांगले काम करते आणि शिजवल्यावर नष्ट होते. ज्वारीला मोड आणावेत असा विचार केला, तर सासूबाईंनी लगेच अडवले, कारण कोवळी ज्वारी खाऊन गुरांना विषबाधा होते हे त्यांनी गावाकडे पाहिलेले आहे. त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. ज्वारीच्या कोंबांत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते.

म्हणून मला असे सुचले की मोड आणून वाळवलेल्या गव्हाचे थोडे पीठ ज्वारीच्या पिठात मिसळावे आणि ते ताकात रात्रभर भिजवून सकाळी त्याची आंबील किंवा धिरडी करावीत. कोणी असे केले आहे का? गव्हाचे प्रमाण किती ठेवावे, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात रात्रभर ठेवलेले मिश्रण फार आंबून जाते का? अशा पिठाची भाकर थापता येत असेल तर तेही सांगावे, कारण मुलीला आंबील मुळीच आवडत नाही.

गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चालूच राहणार आहेत. प्रश्न फक्त स्वयंपाकाचा आहे.