मदत हवी आहे: सुरुवातीची पाने नसलेली शिळाछाप पोथी आणि इतिहास मंडळाच्या ग्रंथालयात जाण्याची तयारी

मुठाकाठ

नमस्कार. मी पुण्यात शाळेत गणित शिकवते. इतिहासाशी माझा संबंध वाचनापुरताच, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटले तरी सांभाळून घ्या.

आईच्या माहेरची एक पोथी आमच्याकडे आहे. लांबट आडवी पाने, न शिवलेली, दोन फळ्यांमध्ये बांधलेली. विषय लहान मुलांच्या दुखण्यांचा आणि बाळंतिणीच्या औषधांचा. आईचे पणजोबा वैद्य होते, त्यांची ती पोथी. घर नारायण पेठेत नदीच्या बाजूला होते. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पाणी आले तेव्हा आई आठवीत होती. पाणी ओसरल्यावर तिच्या आजीने या पोथीचे एकेक पान सोडवून खाटेवर वाळवले, ते तिला अजून डोळ्यांसमोर दिसते. तेव्हा पहिली तीन पाने गेली आणि मधली १७ ते २१ गेली. बाळगुटीचे प्रकरण त्या १७ ते २१ मध्येच होते.

आई आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे. तिची आजी गुटी उगाळताना कुठल्या जिन्नसाचे किती वेढे, म्हणजे सहाणेवर किती फेरे, ते पोथीतल्या शब्दांत गुणगुणायची. आईला चाल आठवते, शब्द आठवत नाहीत. ती पाने तिला वाचून दाखवायची, एवढीच माझी इच्छा आहे.

गेल्या महिन्यात एका जुन्या ग्रंथालयात गेले होते. त्यांनी विचारले, "पुस्तकाचं नाव?" सांगता आले नाही. "लेखक?" तेही नाही. पाच मिनिटांत बाहेर आले. त्यांचेही चुकले नाही, नावाशिवाय ते तरी कुठे शोधणार? पण आता भारत इतिहास संशोधक मंडळात जायचे ठरवले आहे आणि तिथेही तसेच रिकाम्या हाताने उभे राहायचे नाही.

शेवटच्या पानावर थोडा मजकूर शिल्लक आहे. "शके १७८" एवढे स्पष्ट आहे, चौथा आकडा कसरीने खाल्ला आहे. मग "दु" असे काहीतरी, पुढे भोक, मग "माघ" आणि "मुंबईत". छापणाऱ्याचे नाव भोकात गेले. जाण्याआधी काय तयारी करू? मी कुठल्या विद्यापीठाची नाही, तर आत घेतात का? पोथी सोबत न्यावी का? फोटो काढू देतात का?

बोरू

ताई, आधी एक खात्री करा. पोथी छापील आहे की हाताने लिहिलेली? शिळाछाप म्हणजे दगडावरची छपाई. त्यात अक्षर हस्तलिखितासारखेच दिसते, भलेभले फसतात. सगळीकडे शाई एकसारखी असेल, बोरू बुडवल्यावर गडद आणि मग फिकट होत जाणारे अक्षर कुठेच नसेल, चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासलेली नसेल, तर छापील. हे महत्त्वाचे, कारण संग्रहात हस्तलिखितांची यादी वेगळी आणि छापील पुस्तकांची वेगळी. चुकीच्या यादीत दिवस जातो.

दुसरे, समासात पानाच्या आकड्याजवळ दोन-तीन अक्षरे आहेत का? पोथीत ग्रंथाचे नाव आखडून तिथे टाकायची पद्धत होती. पहिले पान गेले तरी नाव प्रत्येक पानावर शिल्लक असते.

तिसरे, ते "दु" नीट बघा. शकाच्या आकड्यापुढे संवत्सराचे, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचे, नाव यायचे. तुमचा हरवलेला आकडा त्या नावात असणार.

मुठाकाठ

शाई सगळीकडे एकसारखी आहे, हरताळ कुठेच नाही. म्हणजे छापील. आणि समासात खरेच अक्षरे आहेत! "बा. चि." इतकी वर्षे आम्ही ती पानाची खूण समजत होतो.

रुमाल

"बा. चि." म्हणजे बालचिकित्सा असण्याचा संभव मोठा, पण त्यावर बसून राहू नका. जुन्या याद्यांत तोच ग्रंथ "बाल", "बाळ", "चिकीत्सा" अशा कुठल्याही लेखनाने सापडू शकतो. सगळी रूपे लिहून न्या.

आता वर्षाचे. शके १७८० ते १७८९ मध्ये "दु"ने सुरू होणारी संवत्सरे दोनच आहेत. १७८३ दुर्मती आणि १७८४ दुंदुभी. म्हणजे दहातले दोन उरले. शकात ७८ मिळवून इसवी सन काढतात, पण तुमच्याकडे माघ आहे. माघापर्यंत इंग्रजी वर्ष बदललेले असते, म्हणून ७९ मिळवायचे. दुर्मती असेल तर १८६२ चा आरंभ, दुंदुभी असेल तर १८६३ चा.

दोन्हींपैकी काहीही असले तरी ते १८६७ च्या आधीचे आहे, आणि शोधाची वाट इथेच ठरते. त्या वर्षी छापखाने आणि पुस्तक नोंदणीचा कायदा आला. त्यानंतरच्या पुस्तकांच्या सरकारी तिमाही याद्या आहेत. त्याआधीच्या पुस्तकांना आपल्याकडे दोलामुद्रिते म्हणतात, दोला म्हणजे पाळणा, छपाईच्या पाळण्यातली पुस्तके. (बाळगुटीची पोथी पाळण्यातली निघावी याचे मला फार बरे वाटले.) म्हणून सरकारी याद्यांत वेळ घालवू नका. शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची आधी बघा, तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ चा आहे. आमच्यात तिला नुसते "दाते सूची" म्हणतात. विषयवार लावलेली असल्याने नाव माहीत नसले तरी वैद्यकाचा विभाग ओळीने वाचता येतो. दुसरी ब्लुमहार्टची, ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी-गुजराती छापील पुस्तकांची, १८९२ ची. तिची स्कॅन प्रत इंटरनेटवर आहे. तिथे नोंद मिळाली तर लेखक आणि छापखानाही कळेल.

मुंबईत १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी शिळाछाप पंचांग काढले तेव्हापासून अशा पोथ्यांचा तिथे सुकाळ झाला. तुमची तीस वर्षांनंतरची, तेव्हा छापखाने बरेच होते. भोकातले नाव अंदाजाने भरू नका.

पेठेतला

मी मंडळात वाचायला जातो म्हणून व्यवहाराचे सांगतो. भरत नाट्य मंदिराच्या जवळ, सदाशिव पेठेत. गाडी आणू नका, रिक्षाने या. १९१० साली इतिहासकार वि. का. राजवाडे आणि खं. चि. मेहेंदळे यांनी संस्था काढली तेव्हापासून लोकांच्या घरातली दप्तरे, पोथ्या, नाणी, चित्रे तिथे येत गेली आहेत. ती अशीच कुणाकुणाच्या माळ्यावरून आलेली, त्यामुळे तुमच्यासारखे घरची पोथी घेऊन विचारायला येणारे तिथे नवल नाही.

विद्यापीठाचे पत्र नसले तरी बिचकू नका. ओळखपत्र घ्या, एक अर्ज लिहून न्या. अर्जात गोष्ट सांगू नका, शोध सांगा: शिळाछाप, पोथी आकार, मुंबई, शके १७८३ किंवा १७८४, समासात बा. चि., विषय बालरोग आणि सूतिका, हवी आहेत ती पाने १ ते ३ आणि १७ ते २१. एवढ्या ओळीवर ग्रंथपाल काम सुरू करू शकतात. वाचनाच्या वेळा, शुल्क आणि फोटोची परवानगी आधी फोन करून विचारा. परवानगी मिळाली तरी फ्लॅश नाही.

पोथी पहिल्या दिवशी नेऊ नका. शेवटच्या पानाचा, समासाचा आणि मधल्या एका पानाचा फोटो छापून न्या, शेजारी पट्टी ठेवून, म्हणजे माप कळेल. सापडलेल्या प्रतीत १६ व्या पानाचा शेवटचा शब्द आणि २२ व्याचा पहिला शब्द तुमच्याशी जुळतो का ते ताडा. जुळले तर तीच छपाई. नाहीतर दुसरी आवृत्ती असू शकते आणि मग १७ ते २१ मध्ये भलतेच प्रकरण निघेल. माझे एकदा असे झाले होते, दोन दिवस उतरवून घेतले आणि मग कळले.

शाईचे पेन बाहेर ठेवा, पेन्सिल न्या. हात धुऊन कोरडे करा, पान दोन्ही हातांनी उचला, बोटाला थुंकी लावून उलटू नका. तिथे नाही मिळाले तर पुणे नगर वाचन मंदिर आहे, १८४८ चे. मग मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि मुंबईच्याच एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय. भांडारकर संस्थेचे बळ संस्कृत हस्तलिखितांत आहे, छापील मराठी पोथीसाठी ती पहिली पायरी नव्हे.

सुंठवडा

मी आयुर्वेदाची वैद्य आहे. पोथी सापडो, मनापासून वाटते. एकच विनंती, त्यातले माप कुणा तान्ह्या बाळावर वापरू नका. वेखंड, अतिविष, डिकेमाली ही थोडी इकडची तिकडे झाली तरी बाळाला बाधतात. अतिविषाच्या नावाखाली बाजारात काय मिळते याचीही खात्री नसते. आठ गुंजांचा मासा आणि बारा मासे तोळा हे कोष्टक ठीक, पण "एक वेढा" म्हणजे किती, ते त्या आजींच्या हाताला आणि त्यांच्या सहाणेला ठाऊक.

आणि पोथीला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. धुतलेल्या मांजरपाटात बांधा. जुने लोक पुस्तकांत वेखंडाचा तुकडा ठेवायचे, तो पुरचुंडीत, पानांना न लागेल असा ठेवा.

मुठाकाठ

सुंठवडा ताई, नक्कीच नाही वापरणार. घरात बाळही नाही. फक्त आईसाठी.

काल रात्री दिवे बंद करून पानाला आडवी टॉर्च लावली. "दु"च्या पुढे भोक आहे, पण भोकाच्या खालच्या कडेला एक उकार शिल्लक आहे. दुसऱ्या अक्षराला उकार म्हणजे दुर्मती नव्हे. दुंदुभी! शके १७८४, माघ. १८६३ चा आरंभ. मुलांना मी रोज दोन अटींवरून उत्तर काढायला शिकवते, पण काल माझाच हात कापत होता.

दाते सूचीतला वैद्यकाचा विभाग वाचायला घेतला आहे. अर्जही लिहिला, पेठेतला यांनी सांगितला तसा, चार ओळींचा.

अजून एक. १६ व्या पानाच्या समासात शाईने लिहिलेल्या तीन ओळी आहेत, मोडीत. त्या छापील नाहीत, कुणीतरी नंतर लिहिल्यात. फोटो जोडते. कुणाला लागेल का?

बोरू

लागले. अक्षर सावकाश लिहिलेले आहे, कारकुनी वळण नाही, म्हणून सोपे गेले. मी असे वाचतो:

"हळकुंड वेढा १, मुरुडशेंग वेढे २, हिरडा वेढा १. वेखंड अर्धा. धाकटीस वेखंड सोसले नाही, सोडले."

त्यातला "सोसले" मी दोनदा तपासला, "सोसिले"ही असू शकेल. बाकी खात्रीचे. पुण्यात मोडीचे वर्ग भरतात, मंडळातही भरत आले आहेत. जाणारच आहात तर चौकशी करा. उरलेल्या पानांवर अशा नोंदी असतील तर त्या तुम्हालाच वाचता आलेल्या बऱ्या.

मुठाकाठ

बोरू, कसे आभार मानू कळत नाही. ओळी आईला वाचून दाखवल्या. "वेढे दोन" ऐकल्यावर तिने पुढचे स्वतःच म्हटले, त्याच चालीत, "हिरडा वेढा एक". मग थांबली. म्हणाली, "धाकटी म्हणजे माझी आई." आजीला दोनच मुली होत्या.

म्हणजे ही नोंद आईच्या आजीच्या हातची. तिला मोडी येत होते हे घरात कुणालाच माहीत नव्हते, आईलाही नाही.

मंडळात फोन करून वेळ विचारून घेते आणि येत्या आठवड्यात जाते. १६ आणि २२ या पानांचे फोटो पट्टी ठेवून काढलेत. आई म्हणते मीही येते, तिला जिने चढवत नाहीत, पण खाली बसेन म्हणते. जे मिळेल ते इथे लिहीन, पाने मिळाली नाहीत तरी.