घुमटाची नक्षी टी-शर्टवर फुटतेय

फोंड्याची सून: शिगम्यासाठी मुलाच्या पथकाचे १२ टी-शर्ट घरीच छापतेय. एक्स-रेच्या जुन्या फिल्मवर ‘घुमट’ (आपलं मातीचं, कातडं लावलेलं वाद्य) ही अक्षरं कोरली, शाई वरून दाबायला चौकटीला जाळी ताणली. पण शाई कडेने पसरते आणि ‘म’च्या पोटातला तुकडा गळूनच पडतो!

म्हापशेकर: ताई, शाईत पाणी घातलंत ना? दह्यासारखी घट्टच हवी. आणि कापड आधी धुवा, नव्यातली खळ शाई धरू देत नाही.

डिचोलीचा पेंटर: फिल्म जाड, म्हणून शाई खाली शिरते. पातळ कागद घ्या. पहिल्याच हाताला शाईने तो जाळीला चिकटतो, ‘म’चा तुकडाही.

फोंड्याची सून: पाणी घातलेलं, कबूल! कागदावर झकास आलं. वाळल्यावर उलटीकडून इस्त्री फिरवली. सासूबाई म्हणतात, घोरपडीचं कातडं कुठाय? म्हटलं, आता घुमटाला बकऱ्याचंच लावतात.