सत्य आधी समजायचं की आधी पाळायचं?

खानापूरचा भातवाला
गेल्या रविवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बायबलातल्या योहान 8:32 वर प्रवचन झालं. ‘तुम्हांला सत्य समजेल व सत्य तुम्हांला बंधमुक्त करील.’ पाळक (पाद्री) म्हणाले, शिकवण नीट समजली की जगणं आपोआप बदलतं. मला हे पटलं नाही. आपण 31वी ओवी सोडून 32वी वाचतो. तिथं येशूनं अट घातलीय, माझ्या वचनात राहिलात तर. म्हणजे राहणं आधी, कळणं मागून.

माझंच सांगतो. थोरल्या भावाच्या नि माझ्या शेतात बांध आहे. दरसाल नांगरताना मी जरा जरा त्याच्याकडं सरकत गेलो. बारा वर्षं. त्याच बारा वर्षांत मी रविवारच्या शाळेत पोरांना दहा आज्ञा शिकवत होतो. ‘चोरी करू नको’चा अर्थ विचारला असता तर तासभर बोललो असतो. यंदा ईस्टरनंतर कुदळ घेऊन बांध मागं घेतला. माती ओढताना हात थांबत होता, आणि तेव्हा कळलं चोरी म्हणजे काय. तोवर नुसता शब्द ठाऊक होता.

कॅम्पातली शिक्षिका
भाऊ, देवाची स्तुती असो. पण कुदळ उचलायची बुद्धी आली कुठून? ते वचन बारा वर्षं आत रुजत होतं म्हणूनच ना? इफिसकरांस पत्रात (2:8-9) स्पष्ट आहे, तारण, म्हणजे उद्धार, देवाच्या कृपेनं, कर्मांनी नाही. आचरण पुढं केलं की आपला विश्वास पुण्यकर्मांच्या हिशोबाची वही होऊन बसतो. आमच्या घरात हे मी पाहिलंय. आजी एकही उपासना चुकवायची नाही, दशांश (मिळकतीचा दहावा भाग) काटेकोर द्यायची, आणि मरताना घाबरली होती, ‘पुरेसं झालं का गं?’ म्हणून विचारत होती. तिला कुणी कृपा समजावलीच नव्हती.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा. त्यांनी स्वतःच साक्षीत सांगितलंय, धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो उमगायला पुढं आठेक वर्षं गेली.

निपाणीकर
ताई, त्याच रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणल्या, केडगावला ठेवल्या. हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करायला बसल्या त्या नंतर. हात आधी चालले.

आणि हिब्रूत सत्याला ‘एमेथ’ म्हणतात. ‘आमेन’ त्याच धातूतून आलंय. भरवसा ठेवावा असं, टिकणारं, ते एमेथ. नुसतं डोक्यात मावणारं ते नव्हे. योहान 3:21 मध्ये तर ‘जो सत्य आचरतो’ असंच म्हटलंय.

कॅम्पातली शिक्षिका
मान्य. मग लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय बघा, लूक 19. येशू आधी म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. चौपट परत देण्याची भाषा जक्कय त्यानंतर करतो. माणसाला आधी कुणीतरी स्वीकारलेलं असतं, मग त्याचा हात सैल सुटतो. रमाबाई केडगावला गेल्या त्याही ख्रिस्त उमगल्यानंतर, आधी नाही.

खानापूरचा भातवाला
जक्कयाचं बरोबर आहे. तरी ‘आज या घराला तारण झालं’ हे शब्द येशू उच्चारतो ते देण्याची गोष्ट निघाल्यावर. आमच्याकडं मराठी उपासना संपली की त्याच बाकांवर कन्नड उपासना भरते. दोन्हीकडं ‘सत्य’ हाच शब्द ऐकतो, आणि दोन्हीकडून बाहेर पडणारी माणसं शेजाऱ्याशी वर्षानुवर्षं बोलत नाहीत. समज कमी आहे म्हणून? मला नाही वाटत.

कॅम्पातली शिक्षिका
एक विचारते, रागावू नका. बांध मागं घेतलात हे भावाला सांगितलंत?

खानापूरचा भातवाला
नाही. त्याला वाटतंय मोजणी येणार म्हणून मी भ्यालो. मी तसंच वाटू दिलं.

दोन दिवस तुमचा प्रश्न डोक्यातून जात नाही ताई. कुदळ मारणं सोपं होतं, तिथं कुणी बघत नव्हतं. रोहिणीची पेरणी व्हायच्या आत त्याच्या घरी जातो. वहिनीसमोरच सांगेन.