गुप्तहेर, डिटेक्टिव्ह की सत्यान्वेषी?

नाशिकरोड :
आमच्या वाचनमंडळात पुढच्या महिन्यात टीव्हीवरचे डिटेक्टिव्ह आणि ते ज्या पुस्तकांतून आले ती पुस्तके, असा विषय ठेवला आहे. ब्योमकेश बक्शी, शेरलॉक, प्वारो, कोलंबो, करमचंद, सीआयडी अशी सगळी मंडळी त्यात आहेत. पत्रकाच्या मसुद्यात मी 'छोट्या पडद्यावरचे गुप्तहेर' असे लिहिले होते. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी 'गुप्तहेर' खोडला. होम्स गुप्तहेर नव्हता, असे त्यांचे म्हणणे. मराठीत आपण कायम गुप्तहेरच म्हणत आलो ना? मग नेमका शब्द कोणता?

पंचवटी :
गुप्तहेरच ठेवा. शब्द रूढ आहे, वाचणाऱ्याला कळतो. रूढ शब्दाची मोडतोड करून काय साधणार?

कॉलेज रोड :
तुमच्या ज्येष्ठ सभासदांची शंका रास्त आहे. रूढीचा मान ठेवूनही मला हा शब्द इथे खटकतो.

'हेर' आणि 'हेरणे' एकाच घरातले. पाळत ठेवून नेमके टिपणे म्हणजे हेरणे. हेर परक्याच्या गोटात शिरतो, तिथली बातमी काढतो आणि आपल्या धन्याला पोचवतो. बहिर्जी नाईक हेर होते. कौटिल्याने गूढपुरुषांचे प्रकार सांगितले आहेत, त्यात कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस ही सगळी सोंगेच आहेत. कोणी विद्यार्थी म्हणून वावरायचे, कोणी व्यापारी, कोणी बैरागी. आपण कोण हे लपवणे हा त्या कामाचा पायाच. 'हेर'ला पुन्हा 'गुप्त' जोडले की हा अर्थ आणखी घट्ट होतो.

आता होम्स पाहा. 221बी, बेकर स्ट्रीट हा त्याचा पत्ता सगळ्यांना ठाऊक. अडलेली माणसे जिना चढून त्याच्याकडे येतात, स्कॉटलंड यार्डचा, म्हणजे लंडन पोलिसांचा, लेस्ट्रेडसुद्धा येतो. तो वेषांतर करतो हे खरे, पण तेवढ्यापुरते. त्याचे खरे काम घडून गेलेल्या गोष्टीचा उलटा माग काढण्याचे. हेर शत्रूच्या मनात पुढे काय आहे याची खबर आणतो, होम्स काल रात्री या खोलीत काय झाले ते सांगतो. 1887 च्या पहिल्याच कादंबरीत तो स्वतःला सल्लागार डिटेक्टिव्ह म्हणवतो. मला आठवते त्यात 'गुप्तहेर' हे नाव त्याला पुरेपूर शोभते ते 1917 साली आलेल्या 'हिज लास्ट बो' या कथेत. तिथे तो खोटी ओळख घेऊन जर्मन हेराच्या जाळ्यात शिरतो. त्या एका कथेत तो हेर आहे, आणि म्हणूनच ती बाकीच्या कथांहून वेगळी लागते.

'डिटेक्टिव्ह' या मूळ इंग्रजी शब्दात गुप्तता नाहीच. लॅटिनमध्ये 'तेगेरे' म्हणजे झाकणे आणि 'देतेगेरे' म्हणजे झाकण काढणे, त्यावरून तो आला. स्कॉटलंड यार्डची डिटेक्टिव्ह शाखा 1842 ची. एडगर अ‍ॅलन पोची द्यूपाँ या शोध घेणाऱ्या नायकावरची पहिली कथा 1841 ची. ती या प्रकाराची आद्यकथा मानतात, पण त्या कथेत हा शब्द येत नाही. माणूस आधी आला, त्याचे नाव मागाहून. तेव्हा आपल्याकडे नावाचा घोळ झाला यात नवल नाही.

त्र्यंबक रोड :
मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे. वरचा मजकूर वाचून राहवले नाही. आमच्या कागदोपत्री भाषेत झाकण काढण्याचा हा अर्थ केव्हापासून आहे. 'गुन्हा उघडकीस आणला' असे आम्ही लिहितो. उघडकीस आणणे म्हणजे झाकण काढणेच की! पोलीस ठाण्यातल्या ज्या पथकाला सगळे डी.बी. म्हणतात, त्यातला 'डी' डिटेक्शनचाच. मराठीत कुठे त्याला गुन्हे शोध पथक म्हणतात, कुठे गुन्हे प्रकटीकरण पथक. नाशिकच्या कुठल्याही पेपरातली चोरीची बातमी काढा, 'गुन्हे शोध पथकाने' हे शब्द सापडतील. गुन्ह्याच्या तपासाची जबाबदारी ज्याच्यावर तो तपासी अंमलदार. इथल्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतून बाहेर पडणाऱ्या उपनिरीक्षकाला गुप्तहेर म्हटलेले त्याला रुचणार नाही.

आणि एक सांगतो. आमच्या भाषेत 'गुप्त' हा शब्द आहे, पण तो 'गुप्त बातमीदार' यासाठी. लोक ज्याला खबऱ्या म्हणतात तो. नाव त्याचे लपवायचे असते. तपास करणाऱ्याचे नाव पंचनाम्यावर सहीसकट असते.

कॉलेज रोड :
साहेब, हे फार मोलाचे सांगितलेत. होम्सकडे बेकर स्ट्रीटवरची उनाड पोरे बातम्या आणतात. तुमच्या हिशेबाने ती पोरे गुप्त बातमीदार आणि होम्स शोध करणारा.

सिडको :
जुन्या आठवणींच्या पुस्तकांत 'सीआयडी मागावर होते' असे येते. तिथे सीआयडी म्हणजे साध्या वेषात पाळत ठेवणारा पोलीस. पुढे तेच नाव मालिकेचे झाले. मग त्या अर्थाने गुप्तहेर म्हटले तर?

कॉलेज रोड :
चळवळीच्या काळातल्या त्या माणसाला गुप्त पोलीस म्हणत, आणि ते बरोबरच होते, कारण तो पाळतीवर असायचा. 1998 साली सुरू झालेल्या 'सीआयडी' मालिकेतले प्रद्युम्न, अभिजित आणि दया पाळतीवर क्वचितच असतात. ते उघडपणे गाडीतून येतात, ओळख सांगतात आणि दार तोडतात. आपल्या राज्यातल्या त्या खात्याचे मराठी नाव 'गुन्हे अन्वेषण विभाग' आहे, त्यात हेर कुठेच नाही. मालिकेचे दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम ही जोडी त्याआधी मुंबई दूरदर्शनवरच्या 'एक शून्य शून्य'मध्ये होती. ते नावही पोलिसांच्या फोन क्रमांकावरून घेतलेले, लपण्याशी त्याचा संबंध नाही.

पुस्तकांतल्या पूर्वजांशी ताडून पाहिले तर इथे मोठा फरक दिसतो. पुस्तकातला शोध बहुधा एका माणसाच्या डोक्यात चालतो आणि शेजारी एक मित्र तो लिहून ठेवतो: होम्सचा वॉटसन, प्वारोचा हेस्टिंग्ज, ब्योमकेशचा अजित. टीव्हीने ते डोके पथकात वाटून दिले. डॉक्टर साळुंखे प्रयोगशाळेत जे करतात, ते इंग्रज लेखक ऑस्टिन फ्रीमनचा डॉक्टर थॉर्नडाइक 1907 पासून एकटा करत होता. म्हणून 'सीआयडी'साठी मी 'पोलीस तपासकथा' म्हणेन. 1985 चा करमचंद मात्र जुन्या वळणाचा, गाजर खाणारा एकटा जीव आणि सोबत किटी. तो खासगी डिटेक्टिव्ह.

नाशिकरोड :
आणि ब्योमकेश?

कॉलेज रोड :
त्याच्यासाठी तर शब्द तयारच आहे. शरदिंदू बंद्योपाध्यायांनी 1932 पासून या कथा लिहिल्या. ब्योमकेशला 'डिटेक्टिव्ह' आवडत नाही, बंगालीतला 'गोयेंदा' तर त्याहून नाही. म्हणून तो दारावर पाटी लावतो : सत्यान्वेषी. बासू चॅटर्जींनी 1993 साली दूरदर्शनवर मालिका केली तेव्हाही हा शब्द राखला आणि रजित कपूरच्या तोंडी तो शोभला. त्यात एक नैतिक बाजू आहे. सत्य सापडल्यावर ते पोलिसांच्या हवाली करायचेच असे ब्योमकेश मानत नाही, कधी कधी गुन्हेगाराला सोडूनही देतो. तपासी अंमलदाराला ती मुभा नाही. हा शब्द संस्कृतातून आलेला, मराठी कानाला परका नाही. मला वाटते, तो आपण मनापासून आपलासा करावा.

पंचवटी :
तुमचे बरेचसे पटले. पण मग सगळ्यांना मिळून एक शब्द हवा ना? 'रहस्यकथा' कसा?

कॉलेज रोड :
चांगला आहे, आणि मराठीत त्याला मानाचे स्थान बाबूराव अर्नाळकरांनी दिले. हजारांहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. त्यात धनंजय-छोटूसारखी शोध घेणारी जोडी आहे, तसेच कायद्याच्या कडेला उभे राहणारे झुंझार आणि काळापहाडही आहेत. इतक्या वेगवेगळ्या नायकांना सामावून घेणारा तोच शब्द.

अडचण येते कोलंबोपाशी. पीटर फॉकचा कोलंबो 1968 साली प्रथम पडद्यावर आला. त्याच्या गोष्टीत खून कोणी केला हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच दाखवतात. रहस्य उरतच नाही. उरते ते एवढेच की हा चुरगळलेल्या कोटातला माणूस खुन्याला कसा पकडणार. ही उलटी मांडणी फ्रीमननेच 1912 च्या 'द सिंगिंग बोन'मध्ये केली होती. आणि कोलंबोच्या स्वभावाचे मूळ दस्तयेव्हस्कीच्या 1866 च्या 'क्राइम अँड पनिशमेंट'मधल्या तपास करणाऱ्या पोर्फिरी पेत्रोविचमध्ये आहे, हे त्याच्या निर्मात्यांनीच सांगितले आहे. पोर्फिरी खुनी रास्कोलनिकोवशी गप्पा मारत, चुकून आठवल्यासारखे प्रश्न विचारत त्याला कोंडीत आणतो. कोलंबो दारापर्यंत जाऊन परत फिरतो आणि 'आणखी एकच गोष्ट' म्हणतो, ते याच वंशातले. अशा गोष्टीला 'शोधकथा' हे नाव जास्त जवळचे. कोलंबो, होम्स, ब्योमकेश, करमचंद, सगळे त्यात बसतात.

त्र्यंबक रोड :
शोधकथा चालेल. एक विनंती, क्रियापदेही जपून वापरा. 'छडा लावणे' आणि 'उकल करणे' हे दोन्ही शब्द पेपरवाले एकाच अर्थाने लिहितात. ठाण्यात आम्ही छडा लावला म्हणायचो तेव्हा आरोपी अटकेत आणि मुद्देमाल हस्तगत असायचा. उकल आधी होते, कधी कधी नुसती उकलच होते, पुराव्याअभावी पुढे काही करता येत नाही. होम्स बसल्या जागी उकल करतो. छडा लावायला त्यालाही लेस्ट्रेड आणि त्याच्या बेड्या लागतात.